एक्कावन्न किलो चारशे

बेसारा अजून अर्धाच गाळून झाला होता. फूल नावाच्या वालासारख्या डाळीत शेपू, कोथिंबीर आणि लसणीचा अख्खा गड्डा घालून शिजवलेलं ते हिरवं पिठलं इन्साफ पळीच्या पाठीनं चाळणीवर दाबत होती, आणि खाली पातेल्यात ते थबथब पडत होतं. मोठ्या उपासाचा पाचवा शनिवार. ईस्टरला अजून तीन आठवडे. घरात दूध नाही, अंडं नाही, चीज नाही, तूप नाही. आहे ते डाळ, तेल, भाकरी आणि देवाचं नाव.

घड्याळात साडेसहा झालेले बघितले आणि तिनं पळी तशीच चाळणीत सोडली.

"वदीअ, उठा. उरलेलं तुम्ही गाळा."

नवरा बाकावर कमरेला उशी लावून बसला होता. तीस वर्षं शिलाईच्या मशीनवर वाकून त्याची कंबर कायमची धरली होती. "मी गाळू? शिंप्याच्या हातात चाळणी?"

"सुईच्या नेढ्यातून दोरा जातो तुमच्या हातून, चाळणीतून डाळ जाणार नाही होय? गुठळ्या ठेवू नका. आणि वरचा कांदा मागच्यासारखा जाळू नका."

"जळाला नव्हता, खरपूस झाला होता." तो कण्हत उठला. "आणि एवढी घाई कसली? म्हाताऱ्या पळून जाणारेत का?"

"वजन नाश्त्याआधी घ्यायचं असतं. चहाचा एक कप पोटात गेला की दोनशे ग्रॅमची चूक. किती वेळा सांगायचं?"

"दर शनिवारी सांगतेस. पण आज तुझं तोंड वेगळं दिसतंय. कुणाशी भांडायला निघालीस?"

"काट्याशी," असं म्हणून इन्साफनं डोक्याला रुमाल बांधला, उंबऱ्यावर क्रूसाची खूण केली आणि ती मिन्या शहरातल्या त्या अरुंद गल्लीत उतरली.

काट्याशी भांडण आहे हे तिनं थट्टेत सांगितलं नव्हतं. गेले दोन आठवडे एक आकडा तिच्या डोक्यात कुसळासारखा रुतून बसला होता. एक्कावन्न पूर्णांक चार.

चर्चच्या मागच्या दुमजली इमारतीत म्हाताऱ्या बायकांचा आश्रम. बावीस बायका. इन्साफ तिथं नऊ वर्षांपूर्वी फरशी पुसायला लागली. पहिल्याच महिन्यात तिच्या हाती वजनांची वही पडली. आधीच्या मुली दर शनिवारी मागच्या शनिवारचे आकडे उतरवून ठेवायच्या, कारण म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवायचा कंटाळा. वहीची पानं उलटताना इन्साफला दिसलं की बारा नंबरच्या खाटेवरची बाई वारल्यावरही दोन शनिवार अठ्ठावन्न किलोची होती. तिला हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. ती वही घेऊन तशीच टासोनीकडे गेली. टासोनी म्हणजे आश्रम सांभाळणारी व्रतस्थ बहीण, काळ्या झग्यातली, पायाला भिंगरी लावलेली. इन्साफ म्हणाली, "टासोनी, फरशी कुणीही पुसेल. हे काम मला द्या."

"तुला वजन घेता येतं?"

"नाही. पण खोटं लिहिता येत नाही."

तेव्हापासून काटा तिचा. काटा म्हणजे खुर्चीच. चाकांची, हातांची, बाजूला आकडे उजळणारी पट्टी. कुणाच्या तरी परदेशी गेलेल्या मुलानं आईच्या नावानं दिलेली. इन्साफनं आपले नियम बांधले. सगळ्यांची लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आश्रमाच्या त्याच सुती गाऊनमध्ये, चपला काढून, शाल काढून. महिन्यात शंभरातले पाच गेले की डॉक्टर रऊफना फोन आणि चर्चचे पुरोहित अबूना मकारी यांना निरोप. उपासाच्या दिवसांत निरोप अबूनांना आधी. कारण उपास सोडायची मोकळीक पापनिवेदन ऐकणारा पुरोहितच देतो. ती मिळाली की ताटात दूध आणि अंडं येतं. बहुतेक म्हाताऱ्या ती मोकळीक मिळाली की कपाळाला हात लावायच्या, जणू परीक्षेत नापास झाल्या. पण खायच्या.

यामागे एक गोष्ट होती. ती इन्साफ कुणाला सांगत नसे. वदीअची आई शेवटची तीन वर्षं त्यांच्याच घरात होती. इन्साफ तिला रोज न्हाऊ घालायची, रोज भरवायची, वेणी घालायची. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, गाऊन सैल झालाय. वदीअनं मशीनवर दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. दोन महिन्यांनी पुन्हा घेतली. पुन्हा एकदा घेतली. म्हणाला, धुऊन धुऊन कापड ताणलंय. मग अलेक्झांड्रियाहून नणंद आली आणि दारातच किंचाळली, "अरे, आईचं हे काय करून ठेवलंत!" तेव्हा दोघांनी म्हातारीकडे पहिल्यांदा पाहिलं. खाटेवर गाऊनमध्ये गुंडाळलेली चार हाडं. तीन आठवड्यांनी ती गेली. कपडा मोजणाऱ्या शिंप्याला आणि रोज न्हाऊ घालणाऱ्या सुनेला दिसलं नाही, कारण दोघं रोज बघत होते. तेव्हापासून इन्साफचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला. वदीअ आजही तो विषय निघाला की पाणी प्यायला उठतो.

म्हणून आकडा. आणि म्हणून त्या आकड्यावर तिचा संशय.

लबीबा मावशी, वय ब्याऐंशी, खोली सात. उपास लागायच्या आदल्या शनिवारी, मांसाहाराच्या शेवटच्या दिवसांत, एक्कावन्न पूर्णांक चार. नंतरच्या शनिवारी तेच. त्यापुढच्या शनिवारी तेच. तिसऱ्याला एक्कावन्न पूर्णांक तीन, चौथ्याला पुन्हा चार. टासोनीनं वही बघून म्हटलं होतं, "हिच्याकडून शिका. देवानं हिला उपासात जपलंय." पण इन्साफ मागची नऊ वर्षं चाळून बसली होती. माणसाचं वजन असं राहत नाही. पोट साफ झालं की उतरतं, मीठ जास्त पडलं की चढतं, थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. एवढी सरळ रेघ फक्त पट्टीनं निघते.

आश्रमात पोचल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर स्वयंपाकघरातून तांदळाच्या पाच पाच किलोच्या दोन न फोडलेल्या पिशव्या उचलून आणल्या आणि व्हरांड्यातल्या काट्याच्या खुर्चीत ठेवल्या.

"आज तांदळाला पण उपास आहे का गं?" खोलीच्या दारातून मार्सेलबाईंनी विचारलं. या चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या. लबीबा मावशींच्या खोलीतली दुसरी खाट त्यांची.

"काट्याची परीक्षा घेतेय, बाई."

"मग मार्क किती?"

"दहा पूर्णांक शून्य. पैकीच्या पैकी."

मार्सेलबाईंचं हसू जरा लवकर मावळलं. इन्साफनं ते पाहिलं.

एकेक बाई येत गेली. कुणी दोनशे उतरली, कुणी शंभर चढली. बहीगा आजी एकदम बाराशे ग्रॅम वाढलेल्या निघाल्या आणि खुशीत टाळी वाजवून म्हणाल्या, "बघ, उपासात पण मी फुलते!" इन्साफनं खाली वाकून त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला. "हे मांस नाही आजी, पाणी आहे. पाय उंच ठेवून बसा. डॉक्टरांना फोन करते." वजन वाढलं म्हणजे पेढे वाटायचे असं नसतं, हे तिला आता कुणी सांगायला लागत नव्हतं.

मग लबीबा मावशी आल्या. गेले चार शनिवार त्या चाकाच्या खुर्चीतून यायच्या. गुडघे धरलेत म्हणे. मार्सेलबाई त्यांना ढकलत आणायच्या आणि स्वतःच हाताला धरून काट्यावर बसवायच्या. इन्साफनं हात पुढे केला की मावशी म्हणायच्या, "राहू दे पोरी, तुझी कंबर जाईल." इन्साफला त्यात माया वाटायची.

आकडा उजळला. एक्कावन्न पूर्णांक चार.

इन्साफनं पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "मावशी, बाही वर करा."

"कशाला? सुई टोचायचीय?"

"दंडाचा घेर घ्यायचाय. सगळ्यांचा घेतेय." हे खोटं होतं, आणि खोटं बोलता येत नाही म्हणणाऱ्या बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझा दंड तुझ्या वहीत नसला तर देवाचं काही अडत नाही."

पण इन्साफनं शिंप्याची टेप आधीच काढली होती. वदीअचीच, कडा झिजलेली. मावशींचा दंड हातात धरला तेव्हा आत बांबूची काठी आहे असं वाटलं. उपासाच्या आधी तिनं एकदा हा घेर घेतला होता. त्यात आता दोन बोटं कमी होती. वर बघितलं तर मावशींची कवळी बोलताना टकटक वाजत होती आणि बोटातली लग्नाची अंगठी दोऱ्याचे वेढे देऊन घट्ट केलेली होती.

दंड आटतो, बोट आटतं, हिरड्या आटतात, आणि काटा म्हणतो, सगळं जागच्या जागी आहे.

"चला, मी उठवते तुम्हाला," इन्साफ म्हणाली.

"मार्सेल उठवेल."

"मार्सेलबाईंची पण कंबर आहेच की." आणि मावशींनी दुसरं काही म्हणायच्या आत इन्साफनं त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. खांदे चिमणीचे. पण कमरेखालून कुणी गोणी बांधल्यासारखी ओढ. आणि त्या ओढीबरोबर पातळशा गाऊनच्या आत कुठं तरी लोखंड लोखंडावर आपटलं. टण्.

मार्सेलबाई छताकडे बघायला लागल्या.

"खोलीत चला," इन्साफ हळू म्हणाली. दार लावून घेतलं.

मावशींनी स्वतःच गाऊन वर केला. आतल्या परकराच्या नाडीला जाड पाटलुणीच्या कापडाचा बटवा शिवलेला होता. तो सोडला तेव्हा खाटेवर पडला आणि गादी खोल गेली. दोन किलोचं एक, एकेक किलोची दोन, आणि शंभर ग्रॅमचं एक चिमुकलं. जुनी, तेलकट, अंगाच्या उबेनं कोमट झालेली लोखंडी वजनं. मावशींच्या नवऱ्याचं बाजारात किराणा दुकान होतं. तो लवकर गेला आणि पुढची चाळीस वर्षं तराजू मावशींनीच धरला. आश्रमात येताना त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात ही वजनं आणली होती. आठवण म्हणून, असं सगळ्यांना वाटत होतं.

"कधीपासून?" इन्साफनं विचारलं.

"पहिल्या आठवड्यात फक्त आठशे लागले," मावशी म्हणाल्या. आवाजात पश्चात्ताप कमी आणि हिशेब जास्त होता. "शुक्रवारी तुम्ही सगळ्या चर्चमध्ये मिस्साला जाता ना, तेव्हा मी काट्यावर बसायची. आकडा मार्सेल वाचायची. माझे डोळे कुठं राहिलेत."

"आणि वजाबाकी?" इन्साफ मार्सेलबाईंकडे वळली.

"वजाबाकी बरोबर होती," मार्सेलबाई पुटपुटल्या. "एकदाच शंभर ग्रॅमचं वजन सापडलं नाही. म्हणून तिसऱ्या शनिवारी एक्कावन्न तीन आलं."

"बाई! तुम्ही शिकलेल्या! तिला काही झालं असतं तर?"

"तिनं मला येशूची शपथ घातली गं. आणि खरं सांगू? मला वाटलं, माझं आयुष्य मुलींना बरोबर उत्तरं काढायला लावण्यात गेलं, एकदा चुकीचं उत्तर बरोबर काढून बघू." बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. "काल बसवलं तेव्हा आकडा बघून मी रात्री जेवले नाही, इन्साफ. पण शपथ होती."

लबीबा मावशींनी हनुवटी वर केली. "तिला काही बोलू नकोस. उपास माझा, अंग माझं. मला आता मिस्साला उभं राहवत नाही. दंडवत घालायला वाकलं तर उठवायला दोघी लागतात. पुस्तक वाचता येत नाही. दान करायला काही उरलं नाही. एक उपास तेवढा माझ्या हातात राहिलाय. सोमवार ते शुक्रवार दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही मी. साठ वर्षांत एकदा चुकला नाही. आणि तू दोन आकडे लिहून अबूनांना पाठवशील, आणि ते मला अंडं खायला लावतील? मी मरेन त्यापेक्षा."

"मराल," इन्साफ म्हणाली. "तेच सांगतेय."

"मग मरू दे! देवाकडेच जायचंय ना?"

"जाताना हातात काय घेऊन जाणार? हे?" इन्साफनं दोन किलोचं वजन उचललं. "चाळीस वर्षं दुकानात बसलात, मावशी. एखाद्या गिऱ्हाइकाला कधी कमी मापलंत?"

"एक ग्रॅम नाही!" म्हातारी कडाडली. कवळी निसटून पडता पडता वाचली. "अख्ख्या बाजाराला विचार. लबीबाच्या तराजूची शपथ मुसलमानही घ्यायचे."

"मग देवालाच खोटं माप का? तीच वजनं, तोच हात?"

मावशींनी अंगठीवरचा दोरा बोटानं फिरवला, एकदा, दोनदा. बाहेर कुणीतरी चहाच्या किटलीसाठी ओरडत होतं. मार्सेलबाईंनी नाक शिंकरलं.

इन्साफ त्यांच्या शेजारी खाटेवर बसली आणि तिनं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. सासूचा गाऊन, तीनदा घेतलेली शिवण, दारातली किंकाळी. जास्त बोलली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "तिला वाचवायला माझ्याकडे आकडा नव्हता. तुमचा आहे. तो मी कुणाला चोरू देणार नाही. तुम्हालाही नाही."

मावशींनी हात पुढे केला. "चल. बसव."

काट्यावर यावेळी त्यांना इन्साफनंच बसवलं. सत्तेचाळीस पूर्णांक तीन. इन्साफनं तो आकडा पेन्सिलीनं नाही, पेननं लिहिला. मागच्या चार आकड्यांवर एकेक रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'हे खरे नव्हते.' शंभरातले आठ गेले होते.

"लिहिलंस," मावशी म्हणाल्या. "आता अबूनांना सांगू नकोस."

"लिहिलं म्हणजे सांगितलंच, मावशी."

टासोनीनं वही बघितली आणि खुर्चीत बसली. पहिल्यांदा "देवा" म्हणाली, दुसऱ्यांदा "देवा" म्हणाली, आणि तिसऱ्यांदा कामाला लागली. "ऐक. तिला काही सांगायचं नाही. दुधाची पावडर आहे आपल्याकडे, बहीगासाठी आणलेली. मसुराच्या सुपात घालायची. दोन चमचे सकाळ, दोन चमचे संध्याकाळ. तिला चव पण कळणार नाही. तिचा उपास तिच्या मनात शाबूत, आपला जीव भांड्यात."

"नाही, टासोनी."

"नाही म्हणजे? तिचा जीव जातोय!"

"तिनं आपल्याला फसवलं म्हणून आपण रागावलो. आता आपण तिच्या ताटात तेच करायचं? आणि कळलं तर? ती सूप सोडेल, मग पाणी सोडेल. इथल्या बावीस जणी पुन्हा आपल्या हातचा घास विश्वासानं खाणार नाहीत."

"मग तू काय करणार? तिला पकडून भरवणार?"

"तिच्याशी सौदा करणार," इन्साफ म्हणाली. "ती दुकानदार आहे."

डॉक्टर रऊफ फोनवर आधी चिडले, मग म्हणाले, रक्त तपासा, दर दोन दिवसांनी वजन घ्या, आणि तुझ्या सौद्यासाठी फक्त एक आठवडा थांबेन, त्यापुढे एक दिवस नाही. इन्साफनं तेही वहीत लिहिलं, वेळ घालून.

अबूना मकारी सकाळचा मिस्सा आटपून साडेनऊला आले. झग्याला धुपाचा वास, दाढीत पांढरे धागे, हातात क्रूस. ते खोलीत शिरले तेव्हा टासोनी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात लबीबा मावशीच बोलल्या. उशीखालचा बटवा काढून त्यांनी अबूनांच्या पायाशी ठेवला. "अबूना, चार किलो शंभर ग्रॅमचं पाप आहे. मोजून घ्या."

अबूनांनी वाकून बटवा उचलायचा प्रयत्न केला आणि "बापरे" म्हणून तिथंच ठेवला. त्यांना हसू आलं असावं, पण दाढीत लपलं. मग ते खाटेजवळ बसले, आणि हसू गेलं. "लबीबा, ऐंशीच्या वरच्या माणसाकडून तीनपर्यंत उपाशी राहणं कुणी मागितलं होतं?"

"मागितलं नव्हतं, अबूना. मी दिलं."

"मग मी आता मागतो. उद्यापासून दूध, चीज, अंडं. मी मोकळीक देतो. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर."

"तुमची आज्ञा असेल तर तोंडात घालीन," मावशी म्हणाल्या, "पण गळ्याखाली उतरेल याची हमी देत नाही."

अबूनांनी इन्साफकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. इन्साफ दाराशी वही छातीशी धरून उभी होती.

"अबूना, एक विचारते. तिळाची ताहिनी, तिळाचा हलवा, खजूर, अक्रोड, तेल. हे उपासात चालतं ना?"

"चालतं."

"मावशींचं वजन अंड्यावाचून नाही गेलं. तीनपर्यंत उपाशी राहून गेलं, आणि नंतर दोन घासांत पोट भरतं म्हणून गेलं. हलवा तर त्या मार्सेलबाईंना देतात."

"मी मागत नाही हं, ती देते," मार्सेलबाई घाईनं म्हणाल्या.

"दिवसातून सहा वेळा खायचं," इन्साफ पुढे म्हणाली. "पहिला घास सकाळी सातला. प्रत्येक वेळी ताहिनीचे दोन मोठे चमचे. मसुराच्या सुपावर तेलाची धार. अक्रोड कुटून खजुरात. अंडं नाही, दूध नाही. मोठा उपास राहील, तीनपर्यंतचं सोडायचं. आणि पुढच्या शनिवारी काट्यानं तीनशे ग्रॅम वाढ दाखवली नाही, तर रविवारी सकाळी अंडं. माझ्या समोर. गळ्याखाली."

मावशींचे डोळे बारीक झाले. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर कुणीतरी घरात आल्यासारखं दिसलं.

"दीडशे," त्या म्हणाल्या.

"तीनशे."

"अगं, ब्याऐंशी वर्षांची बाई मी, बकरी नाही. दोनशे."

"तीनशे, मावशी. सत्तेचाळीस पूर्णांक सहा."

"दोनशे पन्नास, आणि ताहिनी बाजारच्या बरणीतली नको, ती भेसळीची असते. जुन्या बाजारातल्या तिळाच्या घाण्यावरची, डोळ्यांसमोर काढलेली."

"घाण्यावरची आणते. पण तीनशेच."

मावशींनी अबूनांकडे बघितलं, जणू वरच्या न्यायालयात दाद मागावी. अबूना म्हणाले, "मला माप कळत नाही. मी इन्साफचं ऐकेन. आणि हे सातला खाणं तुझ्या मर्जीचं नाही, लबीबा. माझी आज्ञा आहे. तू आता उपास नाही, आज्ञा पाळतेयस. त्याला जास्त जोर लागतो, बघ."

म्हातारीनं क्रूसाचं चुंबन घेतलं. "तीनशे," ती अखेर म्हणाली. "पण काटा मी तपासणार. तांदळाच्या पिशव्यांनी नाही. माझ्या वजनांनी."

"तपासा," इन्साफ म्हणाली. "परकराच्या बाहेर."

मार्सेलबाई फस्सकन हसल्या, टासोनीनं तोंडावर हात धरला, आणि खुद्द लबीबा मावशी इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. पाणी आणलं. त्यांनी पेला घेतला, सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग शनिवार आहे हे आठवून सगळा पेला प्यायल्या.

काम अर्धंच झालं होतं, हे इन्साफला माहीत होतं. आठ दिवसांत तीनशे ग्रॅम म्हणजे रोज भांडण. सातचा घास नको म्हणतील, चारचा विसरतील, हलवा पुन्हा मार्सेलबाईंच्या उशीखाली जाईल. रक्ताच्या तपासणीत आणखी काही निघेल, न निघेल. कदाचित पुढच्या रविवारी त्या अंड्यापुढे दोघी एकमेकींकडे बघत बसलेल्या असतील. तसं झालं तरी आकडा खरा असेल. तिनं वहीच्या नव्या पानावर सहा रकाने आखले. सात, दहा, एक, चार, सहा, आठ. प्रत्येक रकान्यात किती खाल्लं ते लिहायचं. 'दिलं' नाही, 'खाल्लं'. हा फरक तिनं टासोनीलाही मोठ्यानं वाचून दाखवला. मग बहीगा आजींचे पाय स्टुलावर आहेत की नाहीत ते बघितलं. नव्हते. पुन्हा ठेवले.

स्वयंपाकघरातून झाकणाची बरणी मागून घेतली. घाणा शनिवारी दुपारी दोनला बंद होतो. इन्साफ रुमाल सारखा करत जिना उतरली. आता जुन्या बाजारात जाऊन दोन किलो ताहिनी आणायची होती.